साखर एकशे चार

"वहिनी, सुई नाही, पट्टी नाही, रक्ताचा थेंब नाही. मग ते घड्याळ साखर मोजतंय कशात? घामात?"

शिक्रापूरच्या बाजारपेठेत अयुबची रक्त तपासायची लॅब आहे. गौतमी तिथं लेकीचा, प्रांजलचा रिपोर्ट आणायला गेली होती आणि नुकत्याच घेतलेल्या घड्याळाचं खोकं तिच्या पिशवीतून वर डोकावत होतं. सासूबाईंसाठी घेतलंय, तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. नाडी दाखवतं, बीपी दाखवतं, पावलं मोजतं आणि मुख्य म्हणजे बोटाला न टोचता साखर सांगतं. अयुबनं खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि हा प्रश्न विचारला.

"गिऱ्हाईक तुटणार म्हणून पोटात दुखायला लागलं का अयुबभाई?"

"तुटू द्या की. तुमच्याकडून चहा तरी कधी मिळाला मला!" तो हसला आणि खोकं परत देताना थोडा थांबला. "पावलं मोजेल ते, नाडीही बऱ्यापैकी दाखवेल. साखर मात्र रक्तातच बघावी लागते वहिनी. आत्याबाईंना दर तीन महिन्यांनी आणता तसं आणत जा. तेवढं चुकवू नका."

"बघू," असं म्हणून गौतमी निघाली. बाहेर महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती. प्रांजलला कडेवर घेऊन रस्ता ओलांडेपर्यंत अयुबचं बोलणं तिच्या डोक्यातून गेलंसुद्धा होतं. लोकांना नवं काही नकोच असतं, एवढंच काय ते तिच्या मनात आलं.

गौतमी काही अडाणी नव्हती. शिरूरच्या कॉलेजातून तिनं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं. प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात धरून द्रावणाचा रंग बदलायची वाट बघत तिनं तीन वर्षं काढली होती. साखर ओळखायची तर काहीतरी कशात तरी मिसळावं लागतं, हे तिला अयुबच्या आधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवणं हे निराळं काम आहे.

आणि तिला आकड्यांची गरज होती. प्रांजल नऊ महिन्यांची असताना तापानं तिला झटका आला होता. डोळे वर गेलेले, मुठी आवळलेल्या, ओठ निळे. दीड मिनिटात पोर रडायला लागली, पण त्या दीड मिनिटानं गौतमीचा स्वभावच बदलून टाकला. त्या दिवसापासून घरात दोन थर्मामीटर आले, एक वही आली. किती वाजता किती दूध, किती वेळा शू, कपाळ किती गरम. नवरा मल्हार सणसवाडीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तो वही चाळून म्हणायचा, "आमच्या क्वालिटीवाल्यांनासुद्धा एवढं लिहायचा कंटाळा येतो बाई." तिला त्याचं काही वाटायचं नाही. आकडा लिहिला की छातीतली धडधड तासभर तरी कमी व्हायची.

सासूबाईंची वही मात्र तिला लिहिता येत नव्हती. वच्छलाबाई राहायच्या भीमेच्या पलीकडे, दौंड तालुक्यात, राहूच्या मळ्यात. एकट्या. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. थोडा ऊस, बाकी झेंडू. आठ वर्षांपासून साखरेचं दुखणं, सकाळ-संध्याकाळ गोळी. शिक्रापूरला चला म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "त्या तुमच्या डबीत म्या न्हाई मावायची." म्हणून घड्याळ.

जूनमध्ये ते त्यांच्या मनगटावर बांधताना मळ्यातल्या ओट्यावर चांगलीच जत्रा भरली. शेजारच्या वस्तीवरची रंभा झेंडूच्या तोडणीला यायची, तीही बघायला आली.

"आत्या, हे आता काढायचं नाही. झोपतानासुद्धा नाही. मला तिकडं सगळं दिसतं."

"सगळं म्हंजी?"

"तुम्ही किती चाललात, नाडी कशी आहे, साखर किती आहे."

"आन् म्या सुनंला शिव्या देते ते?"

रंभा पदर तोंडाला लावून हसली. "तेबी दिसत आसंल वो मावशी. म्हणून तर येवढं झ्याकपाक दिलंया तुमास्नी."

मल्हारचा जुना फोन देवघराच्या फळीवर कायमचा चार्जिंगला लावून ठेवला. घड्याळ त्या फोनला जोडलेलं आणि त्या फोनमधलं सगळं गौतमीच्या फोनवर. वच्छलाबाई शेतातून घरात आल्या की दिवसभराचे आकडे एकदम यायचे. घरात असल्या की दर अर्ध्या तासाला एक. आकडे हिरव्या रंगात यायचे. वर कुठल्याशा यंत्रानं केलेल्या मराठीत लिहिलेलं असायचं, 'आज आपले शरीर आनंदी चालू आहे.' गौतमीला त्याचं हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

साखर एकशे आठ. एकशे एक. एकशे चार. रोज. कधी सणासुदीला पुरणपोळी झाली तरी एकशे दहाच्या वर नाही.

जुलैत अयुबकडं न्यायची पाळी आली. त्या आठवड्यात प्रांजलला खोकला होता, मल्हारची पाळी बदललेली, पाऊस. गौतमीनं फोनवर आकडे पाहिले आणि पुढच्या वेळी जाऊ म्हटलं. ऑगस्टमध्ये वच्छलाबाईंनीच विषय काढला.

"गौतमे, साखर आता जाग्यावं आली न्हवं?"

"अगदी जाग्यावर आहे आत्या."

"मग त्या गोळ्या कशापायी गिळायच्या? पोटात निस्ता डोंब उठतोय."

यावर दिलेलं उत्तर गौतमीला पुढं फार आठवणार होतं. डॉक्टरांना विचारते, असं ती म्हणाली. पण डॉक्टरांना विचारायचं तर रिपोर्ट मागणार, रिपोर्टसाठी अयुबकडं जावं लागणार, आणि अयुब हसणार. "तोवर अर्धीच घ्या," ती म्हणाली. "मी इकडून लक्ष ठेवून आहे."

अर्धी घेऊनही आकडा एकशे चारच आला. मग वच्छलाबाईंनी अर्धीही सोडली आणि तसं सांगितलं. आकडा तोच. गौतमीनं त्या आठवड्याच्या आलेखाचा स्क्रीनशॉट काढला आणि आयांच्या ग्रुपवर टाकला. 'चिमुकली पावलं' नावाचा तो ग्रुप, शिक्रापूर-तळेगावच्या तरण्या आयांचा, लसी कधी आणि नाचणीचं सत्त्व कसं, असल्या चर्चांचा. खाली तिनं लिहिलं, 'सासूबाईंची गोळी सुटली. रोजचं चालणं आणि रोजचं लक्ष. ज्यांच्या घरी शुगरचं माणूस आहे त्यांनी हे घड्याळ जरूर घ्या.' बदामांचा पाऊस पडला. कोणी दुकानाचं नाव मागितलं, कोणी पुढं पाठवू का विचारलं. पाठवा की, ती म्हणाली.

त्यानंतरचे फोन तिनं ऐकले होते. प्रश्न ऐकण्याचा नव्हताच.

"तोंड लई कोरडं पडतंया. तांब्याभर पाणी पिलं तरी भागत न्हाई."

"ऊन वाढलंय आत्या. ताक घेत जा."

दुसऱ्यांदा, "चप्पल पायातनं निसटून वाफ्यात ऱ्हायली. रंभानं आणून दिली तवा कळलं मला."

"नवी घेऊ आपण. पट्ट्याची."

आणि एकदा, अगदी सहज, फोन ठेवता ठेवता, "येताना मुंग्यांची पावडर आण गं. मोरीत निस्त्या मुंग्याच मुंग्या झाल्यात. धुतलं तरी घटकाभरानं रांग हायेच."

गौतमीनं फ्रिजवरच्या यादीत लिहिलं, मुंगी पावडर. बी.एस्सी. झालेल्या बाईनं, स्वच्छ अक्षरात.

मग नवरात्र आलं. झेंडूच्या माणसाला वर्षात हेच दहा दिवस. वच्छलाबाईंचे नऊ दिवस उपास आणि पायात चप्पल नाही, लग्न होऊन राहूला आल्यापासून कधी चुकलं नव्हतं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गौतमी म्हणाली, "आत्या, यंदा अनवाणी नको. उपास पण एकवेळचाच धरा."

"देवीला काय सांगू? सुनंनं रजा दिलीया म्हणून?"

"मला काळजी वाटते."

"तुझं घड्याळ हाय की काळजीला."

गौतमीनं फोन ठेवून दिला.

घट बसले त्या सकाळी नऊ वाजता फोनवरचा आकडा गेला. नुसती आडवी रेघ. गौतमीनं अर्ध्या तासात तीनदा फोन लावला. चौथ्यांदा वच्छलाबाईंनी उचलला, धापा टाकत. घड्याळाच्या पट्ट्यानं मनगटाला पुरळ उठलंय, शिवाय घटाची माती कालवायची म्हणून काढून ठेवलं, एवढंच होतं. गौतमीचा आवाज चढला. "आत्या, इकडं काही दिसलं नाही की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही हो. असं नका ना करू."

"बरं बाई. बरं. दिसंल तुला. रडू नगंस."

अकराच्या सुमारास आकडे परत सुरू झाले. नाडी बहात्तर. साखर एकशे चार. आणि मग दर अर्ध्या तासाला, न चुकता. दुपारी, संध्याकाळी, पहाटे. नाडी सत्तर, बहात्तर, एकाहत्तर. पावलं मात्र शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य, तिसऱ्या दिवशीही.

"बघ," मल्हार पाळीवरून आला तेव्हा तिनं फोन त्याच्यासमोर धरला. "ऐकलं शेवटी माझं. तोडणीला बायका लावल्या असणार. घरातच बसल्यात, आकडे कसे वेळेवर येतात."

मल्हारनं बूट काढता काढता वर पाहिलं. "आई? दसऱ्याच्या झेंडूत? बसून?"

"मग काय यंत्र खोटं बोलतंय?"

"तसं नाही गं." त्यानं पायमोजा बुटात कोंबला. "जाऊन येऊ का एकदा?"

पण दसऱ्याच्या आधी कारखान्यातून सुट्टी मिळत नव्हती, आणि खांद्यावर पोर घेऊन एकटीनं दोन गाड्या बदलून जायचं गौतमीच्या जिवावर आलं. संध्याकाळच्या फोनवर वच्छलाबाई बोलायच्या, पण थोडं. आवाज लांबून आल्यासारखा. उपासाचा शीण आहे म्हणायच्या. सातव्या माळेला त्यांनी विचारलं, "आज वार कोणता गं?" आणि गौतमीनं सांगितल्यावर घटकाभरानं पुन्हा तेच विचारलं. फोन ठेवल्यावर गौतमीनं आधी आकडा पाहिला. एकशे चार, हिरवा. 'आज आपले शरीर आनंदी चालू आहे.' ती स्वयंपाकाला लागली.

दसऱ्याच्या सकाळी तिघं मोटरसायकलवर निघाले. तळेगाव ढमढेरे मागं पडलं, भीमेचा पूल आला, नदी गढूळ आणि भरलेली. पुलावरच गौतमीनं एकदा फोन पाहिला. नाडी चौऱ्याहत्तर, साखर एकशे तीन. रस्ताभर झेंडूनं भरलेले पिकअप पुण्याच्या बाजूला पळत होते आणि उडालेल्या पाकळ्या डांबराला चिकटल्या होत्या.

मळ्यात शिरल्यावर अंगणात झेंडूचा ढीग दिसला, माणसाच्या छातीएवढा. रंभा क्रेट भरत होती. तिनं हात वर केला, पण नेहमीसारखी चेष्टा केली नाही. "बरं झालं आलासा," एवढंच म्हणाली. "मावशी आत हायत्या. कालपासनं उठल्या न्हाईत."

"काल? पण तोडणीला तुम्ही बायका..."

"आमी दोघीच. मावशी आन् मी. आठ दिस. पहाटं पाचपासनं."

गौतमीला ते समजायला वेळ लागला. मल्हार तोवर आत गेला होता. ती प्रांजलला घेऊन मागोमाग उंबऱ्यात आली आणि आधी देवघराकडं तिची नजर गेली, कारण पोरीनं बोट दाखवलं होतं.

"आजीचं घड्याल."

घटाच्या हिरव्यागार कोंबांच्या मधोमध छोटा तांब्याचा कलश होता. त्यावर विड्याची पानं, वर नारळ. आणि कलशाच्या गळ्यात, लाल दोऱ्याच्या वर, घड्याळ. पट्टा शेवटच्या भोकाला ओढून बसवलेला. तबकडीच्या मागचा हिरवा उजेड तांब्यावर लुकलुकत होता. थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. गौतमीच्या हातातला फोन थरथरला. नवा आकडा आला होता. नाडी त्र्याहत्तर. साखर एकशे चार.

नऊ दिवस ती एका तांब्याची नाडी बघत होती.

"गौतमी!" आतून मल्हारची हाक आली. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून एकदाच ऐकला होता, प्रांजलच्या झटक्याच्या वेळी.

आतल्या खोलीत झेंडूचा उग्र वास होता आणि त्याच्या खाली दुसरा, गोडसर, कुजका. वच्छलाबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मल्हार त्यांच्या उजव्या पायाची चिंधी सोडत होता. चिंधीला हळद लागलेली, हळदीवर पिवळं-हिरवं काहीतरी. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता. तो सुटला तेव्हा गौतमीनं प्रांजलचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. तळव्यात भोक होतं, आणि भोकात ठिबकच्या नळीला टोचायची ती बारकी प्लॅस्टिकची खुंटी मोडून अडकली होती.

"आई, हे कधी लागलं?"

"हां?" त्यांनी डोळे उघडले, पण कुणाकडं पाहिलं नाही. "दुसऱ्या माळंला आसंल. दुखत न्हाई रं. दुखलं आसतं तर सांगितलं नसतं व्हय? हळद लावलीया."

"घड्याळ..." गौतमी पुढं झाली. "आत्या, घड्याळ का काढलंत?"

म्हातारीच्या सुकलेल्या ओठांवर जरासं हसू आलं. केलेली युक्ती साधल्याचं. "तुला दिसत व्हतं न्हवं? खुंटीला टांगलं तर आकडा येत न्हवता काय. देवीच्या गळ्यात घातलं तवा आला. म्हणलं बरं झालं. पोरगी तिकडं घोर लावून घिती. तुझा जीव थाऱ्यावं ऱ्हावा म्हणून..."



झेंडूचा माल न्यायला आलेला पिकअप अंगणात उभा होता. रंभानंच चालकाला दरडावून भरलेले क्रेट खाली उतरवायला लावले. मागं गोधडी टाकली, वच्छलाबाईंना त्यावर घेतलं, मल्हारनं त्यांचं डोकं मांडीवर धरलं. प्रांजल रंभाजवळ राहिली. गौतमी पुढं बसली आणि दौंडपर्यंत सगळ्या वाटेनं मागं वळून जाळीतून बघत राहिली, छाती वरखाली होतेय ना ते. फोन तिच्या पिशवीत दर अर्ध्या तासानं थरथरत होता.

दवाखान्यात बोट टोचलं. थेंब पट्टीवर गेला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, 'जास्त' एवढाच शब्द दाखवला. परिचारिकेनं पुन्हा टोचलं, पुन्हा तेच. मग रक्त आत नेलं आणि आकडा आला सहाशे बारा. आतल्या डॉक्टरीणबाई वयानं गौतमीएवढ्याच असतील. त्यांनी पाय पाहिला, तळव्याला पिन लावून पाहिली, वच्छलाबाईंना काही कळलं नाही. "यांच्या पायाची जाणीव केव्हाच गेलीय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच दुखत नाही. चप्पल निसटायची का? तहान? लघवीच्या जागी मुंग्या?"

गौतमी प्रत्येक प्रश्नाला मान हलवत गेली. तिला यादीतली ओळ दिसत होती, फ्रिजवर, तिच्याच अक्षरात.

"गोळ्या चालू होत्या ना?"

मल्हारनं गौतमीकडं पाहिलं. त्याला अर्धीचं माहीत होतं, पुढचं नव्हतं.

"बंद कुणी केल्या?" डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

गौतमीनं तोंड उघडलं. त्याआधी खाटेवरून आवाज आला, खोल, फाटका, पण ठाम.

"म्याच केल्या. कुणाला न सांगता."

आणि वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले. गौतमी खाटेच्या लोखंडी कठड्याला धरून उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं. अर्धी घ्या, असं मीच सांगितलं होतं. नंतर सोडली तेही मला माहीत होतं." मल्हार बाहेर गेला. बराच वेळ तो परत आला नाही.

त्याच दिवशी दोन बोटं काढली. दोन दिवसांनी आणखी एक. विष वर चढत होतं. पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी घोट्याच्या वर पेननं रेघ ओढली आणि सांगितलं, लाली या रेघेच्या वर गेली तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आणि तेही शरीरानं साथ दिली तर. उद्या सकाळी ठरवू. तेव्हापासून गौतमी त्या रेघेकडं बघत बसली होती. दर तासाला पांघरूण उचलायची. लाली कधी रेघेला टेकल्यासारखी वाटायची, कधी वाटायचं, टेकली नाहीये अजून. या वेळी तिच्याजवळ कुठला आकडा नव्हता, नुसते डोळे होते.

मल्हार तिच्याशी कामापुरतं बोलत होता. चहा आणू का. प्रांजलनं भात खाल्ला, रंभाचा फोन होता. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी दुपारी वच्छलाबाईंना डोळा लागला तेव्हा तिनं 'चिमुकली पावलं' उघडलं. ऑगस्टचा तो आलेख अजून तिथंच होता, बदामांसकट. तिनं सगळं खरं लिहिलं, काही न लपवता. तांब्याचंसुद्धा. मग एकेकीला फोन लावले. घड्याळ घेतलेल्या दहाजणी निघाल्या. एकीनं सांगितलं, सासऱ्यांची गोळी बंद केलीय, आजच रक्त तपासते. एक रडायला लागली. एकीला राग आला, आमच्याकडं तर चांगलं चालतंय म्हणाली. गौतमीनं तिलाही सोडलं नाही, उद्या अयुबकडं नेते असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. दहाही नावांपुढं खूण झाली. तिनं जरा श्वास सोडला.

त्याच वेळी अनोळखी नंबरवरून एक निरोप आला.

'ताई तुमचा मेसेज फिरत फिरत आमच्याकडे आला होता. आईला घड्याळ घेऊन दिले. गोळ्या बंद केल्या. एकदम फरक. साखर १०४. तुमचे खूप उपकार.' खाली नाव नाही. सोबत एक फोटो.

फोटोत म्हातारीचं मनगट होतं, त्यावर तेच घड्याळ, तोच हिरवा आकडा. गौतमीनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. मनगटाच्या आत गोंदलेलं तुळशीचं रोप होतं. बाई जमिनीवर बसलेली, मागं निळ्या पत्र्याचं दार, दाराशी पिवळं पाण्याचं पिंप. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पाऊल अर्धवट आलं होतं. डाव्या पावलाला चिंधी बांधलेली होती. चिंधी पिवळी होती.

तिनं लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. निरोप लिहिला, पोचल्याची खूण आली नाही. निरोप कुणी कुणाला पाठवत पाठवत तिथवर गेला, हे ग्रुपमध्ये कुणालाच सांगता येईना. मल्हार आत आला तेव्हा ती उभीच होती. तिनं त्याला फोटो दाखवला. त्यानं तो बराच वेळ पाहिला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यावर हात ठेवला. "शोधू," तो म्हणाला. "तू आईपाशी बस. मी दारं बघत फिरतो." आणि मळ्यातून आणून ठेवलेल्या मोटरसायकलची किल्ली घेऊन गेला.

पण निळी दारं किती असतील. शिरूरला असेल, दौंडला असेल, वढूला, नाहीतर भलतीकडंच, दुसऱ्या जिल्ह्यात. गौतमीनं पांघरूण उचललं. लाली रेघेवर होती. तिनं पांघरूण पुन्हा नीट घातलं, सासूचा तापलेला हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं लिहायला घेतलं. ज्याच्या हाती पडेल त्याला, म्हणजे हे वाचणाऱ्या तुम्हालाही:

'निळ्या पत्र्याचं दार आहे. दाराशी पिवळं पिंप. घरात साठीच्या पुढची एक बाई, उजव्या मनगटावर तुळस गोंदलेली, वर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. डाव्या पायाला हळदीची चिंधी. नाव माहीत नाही. मुलगा की मुलगी कोण ते माहीत नाही, फोन लागत नाही. तुमच्या गल्लीत, तुमच्या वस्तीवर असं दार असेल तर फोन करत बसू नका. जा. त्या दुखत नाही म्हणतील, ऐकू नका. चिंधी सोडून बघा आणि त्यांना गाडीत घाला. आजच जा.'

तिनं ते पाठवलं. खाटेवर वच्छलाबाई पुटपुटल्या, पाणी. गौतमीनं चमच्यानं त्यांचे ओठ ओले केले, आणि दुसऱ्या हातानं तो बंद नंबर पुन्हा लावला.